सोवळे आणि स्वच्छता : उपाहारगृहांच्या इतिहासातील एक प्रकरण

परगावी पानावर बसण्यापूर्वी आपल्या पणजोबांच्या पिढीतील गृहस्थ एक प्रश्न अवश्य विचारीत असे : स्वयंपाक कोणी केला? आज त्याच गृहस्थाचा पणतू उपाहारगृहात शिरतो तेव्हा तो प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. फडके कसे आहे, पाणी कोठले आहे, चटणी केव्हाची आहे, हे तो पाहतो; निदान त्याने पाहावे अशी अपेक्षा असते. ‘कोणी’ या शब्दाची जागा ‘कसे’ या शब्दाने घ्यावी, एवढाच हा बदल दिसतो. परंतु तो होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली आणि तो अद्याप पुरता झाला आहे असेही म्हणवत नाही. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या आणि देवस्थानच्या पंगतीला बसण्यात धन्यता मानणाऱ्या आपल्या समाजाने हा इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. कारण त्या इतिहासाचा धागा आपल्या स्वयंपाकघरातून आणि देवळाच्या मुदपाकखान्यातूनच निघालेला आहे.

रेल्वेच्या आधीच्या काळात बाजारात हलवायाची मिठाई मिळे, भडभुंज्याकडे चुरमुरे-फुटाणे मिळत. परंतु शिजलेला भात पैसे देऊन घ्यावा आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खावा, हे प्रतिष्ठित गृहस्थास शोभणारे मानले जात नसे. प्रवासी शिधा बरोबर बांधून घेई आणि धर्मशाळेच्या ओवरीत तीन दगडांची चूल मांडून आपल्या हाताने शिजवी. तुपातेलात तळलेल्या पदार्थांविषयी नियम सैल असत. पाण्यात शिजवलेल्या अन्नाविषयी ते कडक असत. यात्रेकरूंची सोय देवस्थाने करीत. गोमंतकात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवालयांच्या परिसरांत ज्या अग्रशाळा उभ्या राहिल्या, त्या कुळाव्यांच्या आणि महाजनांच्या उतरण्या-जेवण्याच्या सोयीसाठीच. नात्यागोत्याची माणसे, ओळखीचा आचारी, देवाचा नैवेद्य आणि मग पंगत, असा तेथील क्रम असे. अन्नाविषयीचा विश्वास हा माणसाविषयीच्या ओळखीतून येई.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे सोवळे. आचाऱ्याने स्नान करावे, वेगळे वाळत घातलेले वस्त्र नेसावे, नैवेद्य दाखवण्यापूर्वी अन्न चाखू नये, उष्टे आणि खरकटे वेगळे ठेवावे, भांडी राखेने व चिंचेने लखलखीत घासावीत, पाणी ताजे भरावे, शिळे वाढू नये, असे त्याचे नियम होते. हे नियम नुसते कर्मकांड होते, असे आम्ही म्हणणार नाही. लाळ, घाम, मळका कपडा आणि शिळे अन्न या चारही गोष्टी आजचे आरोग्यशास्त्रही अन्नापासून दूर ठेवावयास सांगते. केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर जेवून ती टाकून देण्याची आपली रीत तर कोणत्याही धुतलेल्या ताटापेक्षा कमी प्रतीची नाही.

परंतु सोवळ्याला दोन डोळे होते आणि ते एकाच दिशेने पाहत नव्हते. एक डोळा मळ पाहत होता, दुसरा जात पाहत होता. या दोहोंत विरोध आला, की दुसऱ्याचे म्हणणे चाले. रेशमी मुकटा शुद्ध मानलेला असल्यामुळे तो दिवसेंदिवस न धुता नेसला तरी सोवळे मोडत नसे. मात्र नुकत्याच न्हालेल्या पोराचा ओवळा हात लागला की ते मोडे. आचारी खोकला तर चाले. ज्याला अस्पृश्य ठरवले होते त्या स्वच्छ माणसाची सावली चालत नसे. विहिरीचे पाणी पावसाळ्यात गढूळ झाले तरी ते पवित्रच राही, आणि त्या विहिरीवर एका तहानलेल्या माणसाने पोहरा सोडला तर ते विटाळे. स्वच्छतेचा नियम आणि बहिष्काराचा नियम एकाच शब्दाच्या पोटात राहत होते. म्हणून कोणता कोठे संपतो हे कोणालाही दिसत नव्हते.

हा शब्द किती जड होता, हे पुण्याने 1890 साली पाहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमधील एका समारंभात शहरातील नामवंत मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी घेतली, काहींनी केवळ मान राखण्यापुरती हाताळली. गोपाळराव जोशी यांच्या खटाटोपाने उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी माणसे त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, चौकशी झाली, आणि 1892 साली रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. या सर्व वादात कप धुतला होता काय, दूध तापवले होते काय, हे प्रश्न कोणाच्याही मनात नव्हते. कप कोणाचा, एवढाच प्रश्न होता.

परंतु चहाच्या त्या कपावर वाद चालू असतानाच जग पुढे निघून गेले होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. पुढे कापसाच्या गिरण्या वाढल्या, आणि कोकण, घाट, गोमंतक व कानडा येथून एकटे पुरुष मुंबईत येऊ लागले. घर गावी, चूल गावी, आणि पोट मात्र मुंबईत, अशी त्यांची स्थिती. या भुकेतून शहरातील विकतच्या जेवणाच्या निरनिराळ्या रीती जन्मल्या. गिरणगावातील बायांनी आपल्या खोल्यांत कामगारांसाठी खाणावळी चालवल्या. महिन्याचा हिशेब आणि गावाकडची चव हे त्यांचे भांडवल. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच खाणावळवाल्या स्त्रियांची संघटना ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी केली. दुसरीकडे, 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याची डबेवाल्यांची व्यवस्था सुरू केली. तिच्या मुळाशीही बाहेरच्या अन्नाविषयीचा अविश्वासच होता. तिसरी रीत इराण्यांची. नाक्यावरच्या त्यांच्या दुकानांत संगमरवरी पाटाचे मेज, भिंतीवर आरसे आणि येईल त्याला चहा, असा रिवाज पडला. तेथे जात विचारणारे कोणी नव्हते. म्हणून कोणी तेथे चोरून गेले, आणि काही वर्षांनी तेच लोक उघडपणे जाऊ लागले.

चौथी रीत मात्र थेट देवळाच्या अंगणातून आली. उडुपी येथे मध्वाचार्यांच्या परंपरेतील आठ मठ पर्यायाने, म्हणजे दोन दोन वर्षांच्या पाळीने, श्रीकृष्णाची पूजा करतात, आणि त्या पूजेला जोडूनच मोठ्या प्रमाणावर अन्नदान चालते. शेकडो पानांचा स्वयंपाक वेळेवर, एका चवीचा आणि ठरलेल्या शिस्तीत करण्याची विद्या त्या परिसरात मुरलेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील तरुण ही विद्या घेऊन मद्रास, बंगळूर आणि मुंबई येथे पसरले. मद्रासला कृष्णराव यांनी 1938 साली ‘वुडलँड्स’ काढले. मुंबईत माटुंग्याच्या स्थानकाजवळ रामा नायक यांनी 1942 साली ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केले. केळीच्या पानावरचे साधे, पोटभर जेवण ही त्याची ओळख झाली. कोकणी बोलणाऱ्या अनेक कुटुंबांचाही या व्यवसायात मोठा वाटा आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

या उपाहारगृहांनी ग्राहकांचा विश्वास प्रथम कशाच्या बळावर मिळवला? उत्तर त्या काळच्या पाट्यांवर लिहिलेले होते. ‘हिंदू’ आणि ‘ब्राह्मणी’ हे शब्द ठळक अक्षरांत असत. आचारी ब्राह्मण आहे, एवढी ग्वाही पुरेशी मानली जाई. काही ठिकाणी ब्राह्मणांना बसण्यास वेगळी खोली असे, आणि अस्पृश्य मानलेल्यांना बाहेरच थांबावे लागे. रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या उठत. देवळातील सोवळे आता बाजारात आले होते; पण ते अर्धेच आले होते. न्हाऊन, धुतले वस्त्र नेसून, न चाखता शिजवण्याची शिस्त गर्दीच्या वेळी मागे पडली, आणि पाटीवरची जात तेवढी पुढे राहिली.

याच सुमारास विज्ञानाने एक निराळीच साक्ष दिली होती. 1884 साली रॉबर्ट कोख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या रोगजंतूंचा शोध पक्का केला. ज्या तळ्याच्या काठी पटकीचे रोगी आढळले होते त्या तळ्याच्या पाण्यातच त्याला ते जंतू सापडले. पुढे 1959 साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी हे जंतू आतड्यात कोणत्या विषामुळे अनर्थ करतात ते दाखवून दिले. पटकी जात पाहत नाही; विष्ठेने दूषित झालेले पाणी ज्याच्या पोटात जाईल त्याला ती गाठते. न्यू यॉर्क येथे 1907 साली मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण सापडली. ती स्वतः ठणठणीत होती, पण जेथे जेथे तिने स्वयंपाक केला तेथे तेथे विषमज्वर फैलावला होता. आचारी निरोगी दिसतो, एवढ्यावरून त्याचे हात निर्दोष ठरत नाहीत, हा धडा जगाला तिच्यामुळे मिळाला. ब्राह्मण आचारी आणि इराणी आचारी या दोघांनाही तो सारखाच लागू होता.

सोवळे आणि स्वच्छता यांची फारकत सर्वांत उघडपणे दिसली ती चहाच्या कपबशीत. हॉटेलाच्या मागच्या बाजूस एक बादली असे. सकाळी भरलेल्या त्या पाण्यात दिवसभर कपबशा बुचकळून पुन्हा गिऱ्हाइकांपुढे जात. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याला चहाचा रंग चढे. शंभर तोंडांना लागलेला तो कप ‘चालत’ असे. आणि त्याच हॉटेलाच्या बाहेर, वळचणीला किंवा खुंटीला, दलित गिऱ्हाइकासाठी एक वेगळी कपबशी असे. ती त्याने स्वतः विसळून स्वतः ठेवायची. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या दोहोंत अधिक निर्मळ कप बहुधा बाहेरचाच होता. तरीही विटाळ त्यालाच चिकटलेला होता. एका शब्दात दोन अर्थ कोंबल्यामुळे बुद्धी कशी अंध होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. त्या बादलीने रोग वाढवला असेल. परंतु त्या वेगळ्या कपाने माणसाचा जो अपमान केला, त्याला औषध नव्हते.

हा गुंता सोडवण्याचे काम शेवटी कायद्याला करावे लागले, आणि ते जवळजवळ एकाच वेळी दोन बाजूंनी झाले. 1927 च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तेव्हा सार्वजनिक पाण्यावरील हक्काचा प्रश्न देशापुढे उभा राहिला. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास जात, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे ठरवले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि 1955 च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षापात्र केले. ‘कोणी’ हा प्रश्न सार्वजनिक पानावरून पुसण्याचा हा प्रयत्न होता. त्याच काळात, 1954 साली, अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि पुढील वर्षाच्या जून महिन्यापासून तो लागू झाला. दुधात पाणी, तुपात चरबी, मिठाईत घातक रंग यांवर संपूर्ण देशासाठी एक कायदा आला. ‘कसे’ हा प्रश्न आता सरकारही विचारू लागले.

पण कायदा दारापर्यंत येतो. चुलीपर्यंत जाण्यास माणसाची इच्छा लागते. तिचे एक उदाहरण बंगळूरचे आहे. उडुपीकडील मैया बंधूंनी तेथे 1924 साली जे उपाहारगृह काढले, त्याच्या नावात प्रारंभी ‘ब्राह्मण’ हा शब्द होता. पुढे ते ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ या नावाने सर्वत्र प्रसिद्ध झाले. बंधूंपैकी यज्ञनारायण मैया 1951 साली युरोपला गेले. तेथील उपाहारगृहांत टापटीप आणि निर्जंतुक केलेली भांडी पाहून ते परतले आणि आपल्याकडे वाफेने भांडी निर्जंतुक करण्याची रीत त्यांनी सुरू केली. मुदपाकखाना गिऱ्हाइकांच्या नजरेला खुला केला. ज्याला शंका असेल त्याने आत डोकवावे. आम्हांस या घटनेचे महत्त्व मोठे वाटते. ज्या घराण्याला पाटीवरच्या एका शब्दावर विश्वास मिळत होता, त्याने तो शब्द सोडला आणि स्वयंपाकघराचे दार उघडले. आमच्या मते देवळाच्या मुदपाकखान्यातील मूळ सावधपणा तेथे पुन्हा जागा झाला, आणि या वेळी त्याच्याबरोबर बहिष्कार नव्हता. मुंबईतही पाट्या बदलत होत्याच. ‘आरोग्य भुवन’, ‘हेल्थ होम’ अशी नावे दादर-गिरगावात दिसू लागली. विश्वासाचा शब्द जातीकडून आरोग्याकडे सरकला, याची ही नावे साक्ष आहेत.

2006 साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला आणि त्याखालील नियम 2011 पासून लागू झाले. 1954 च्या कायद्याचा रोख मुख्यतः भेसळीवर होता. नवा कायदा पाणी, हात, भांडी, साठवण, आचाऱ्याचे आरोग्य अशा साऱ्या साखळीकडे पाहतो. देवस्थानांच्या दृष्टीने त्यातील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. अन्नव्यवसायाच्या त्याच्या व्याख्येत नफ्यासाठी चालणारे आणि नफ्याविना चालणारे, असे दोन्ही उपक्रम येतात. म्हणजे महाप्रसाद करणारे देवस्थान आणि रस्त्यावरचे उपाहारगृह यांना स्वच्छतेच्या बाबतीत एकच कसोटी आहे. देवस्थानांच्या स्वयंपाकघरांची तपासणी व्हावी आणि तेथील सेवकांना शिक्षण मिळावे, यासाठी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘भोग’ या नावाची योजनाही काढली.

हे ऐकून काही भाविकांना वाईट वाटते. देवाच्या प्रसादाला कसली परीक्षा, असे ते म्हणतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदर आहे; परंतु भाताच्या दाण्याला समाराधना कोठली आणि हॉटेल कोठले हे कळत नाही. तांदळात काही जंतूंची बीजे असतात आणि ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजवून लगेच वाढला तर त्यांच्यापासून भय नाही. तोच भात मोठ्या हंड्यात कोमट स्थितीत पाच-सहा तास राहिला, की बीजे रुजतात, वाढतात आणि विष निर्माण करतात. पुन्हा तापवल्याने ते विष नाहीसे होत नाही. आचाऱ्याच्या बोटावर पिकलेले गळू असेल तर त्यातील जंतू खव्यात किंवा शिऱ्यात जाऊन असाच प्रकार घडतो. साधारणपणे 5 आणि 60 अंश सेल्सियस यांच्या दरम्यान अन्न रेंगाळले की जंतूंचे फावते. म्हणून शास्त्र सांगते : गरम अन्न गरम ठेवा, थंड अन्न थंड ठेवा, मधल्या स्थितीत फार वेळ राहू देऊ नका. ताजे शिजवा, ताजे वाढा, शिळे ठेवू नका, हे तर आपल्या आज्याही सांगत होत्या. पहाटे शिजवून दुपारी दोनपर्यंत पंगतीची वाट पाहणारा भात सोवळ्यात शिजला असला, तरी आजीच्या त्या नियमात तो बसत नाही.

तेव्हा आपल्या देवस्थानांनी आणि समाजांनी काय करावे? गाभाऱ्यातील नैवेद्याचे आचार त्या त्या क्षेत्राच्या परंपरेचे आहेत. त्यांविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न पंगतीचा आणि मुदपाकखान्याचा आहे. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्याची नियमाने तपासणी व्हावी. हात धुण्यासाठी शौचालयाजवळ आणि चुलीजवळ साबण व वाहते पाणी असावे. पंगती लांबणार असतील तर भात एकदम न शिजवता टप्प्याटप्प्याने शिजवावा. आणि आचाऱ्याला जुलाब किंवा ताप असेल तर त्याला रजा द्यावी, तीही पगारी. रोजावर पोट असलेला माणूस मजुरी बुडण्याच्या भीतीने आजार लपवतो, आणि त्याची शिक्षा हजार पानांना भोगावी लागते. वाढप्याच्या आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या अन्नवस्त्राची काळजी हा स्वच्छतेचाच भाग आहे, हे विश्वस्तांनी ध्यानी घेतले पाहिजे.

राहिला पंगतीत कोणी बसावे हा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी युरोपला जाण्याचे कारण नाही. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद रोज नव्या मातीच्या भांड्यांत शिजतो. ती भांडी पुन्हा चुलीवर चढत नाहीत. आणि तो महाप्रसाद आनंदबाजारात घेताना यात्रेकरू एकमेकांची जात पाळत नाहीत, अशी तेथील जुनी रीत आहे. भांड्याविषयी इतका कडकपणा आणि माणसाविषयी इतका मोकळेपणा एकाच परंपरेत एकत्र नांदू शकतो, याचा हा आपल्याच धर्मातील पुरावा आहे. उपाहारगृहांना या जागी येण्यास शतक लागले, कायदे लागले, आणि कित्येकांचे अपमान लागले. देवळाला ते सारे पुन्हा भोगण्याची गरज नाही. सोवळ्यातील स्नान, धुतले वस्त्र, ताजे पाणी आणि न उष्टावलेले अन्न आपण जतन करावे, त्याला साबणाची, थर्मामीटरची आणि उघड्या दाराची जोड द्यावी, आणि पंगतीच्या टोकाशी संकोचून उभ्या असलेल्या माणसासाठी आणखी एक पान मांडावे. अन्नपूर्णेची सेवा याहून निराळी असेल, असे आम्हांस वाटत नाही.